महासाथीपूर्वीचे शंभर दिवस : महाड-पोलादपूर परिसराच्या आरोग्यसज्जतेचा विचार

रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेस सह्याद्रीच्या पायथ्याशी महाड व पोलादपूर हे दोन तालुके वसलेले आहेत. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूरवरून महाडकडे येते व पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार महाड तालुक्याची लोकसंख्या सुमारे एक लाख ऐंशी हजार, तर पोलादपूरची सुमारे पंचेचाळीस हजार होती. ही वस्ती मोठ्या गावांत एकवटलेली नाही. ती डोंगरउतारांवरील लहान लहान वाड्यांमध्ये विखुरलेली आहे. एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत कित्येक वाड्या असतात आणि त्यांतील काही वाड्यांचा पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो.

या परिसराचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे मुंबईशी असलेले नाते. येथील बहुसंख्य कुटुंबांतील कर्ता पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईत चाकरी करीत आला आहे. पोलादपूरसारख्या तालुक्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक आढळते, याचे कारण हेच आहे. गावातील घर वृद्ध आईवडील सांभाळतात आणि मुलगा शिमग्याला, मे महिन्यात व गणपतीला गावी येतो. मुंबई हे आंतरराष्ट्रीय बंदर व विमानतळ असल्याने जगात कोठेही उद्भवलेली साथ प्रथम मुंबईत उतरण्याचा संभव असतो. मुंबईत आलेला आजार ज्या वाटेने या वाड्यांपर्यंत पोहोचतो, ती वाट म्हणजे मुलाची घराकडे येण्याची वाट होय. या भागातील आरोग्यसज्जतेचा विचार या वस्तुस्थितीपासूनच सुरू करावा लागतो.

मागील साथींचा अनुभव

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अमलात आला व शासनाला झडती, अलगीकरण व वाहतूकबंदीचे व्यापक अधिकार मिळाले. पुण्यात हे अधिकार ज्या कठोरतेने वापरले गेले, त्यामुळे लोक रुग्ण लपवू लागले. याच काळात सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची प्रत्यक्ष शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच निवर्तल्या. अधिकार असूनही विश्वास नसेल तर यंत्रणा रुग्णापर्यंत पोहोचत नाही, हा त्या साथीचा पहिला धडा होय.

जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवरील पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. ती इन्फ्लुएंझाच्या महासाथीची सुरुवात होती. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी पाऊस अपुरा पडला होता व धान्य महागले होते. मुंबईतील मृत्यूचे प्रमाण पाहिले असता, युरोपियनांमध्ये ते दर हजारी ८.३ होते, तर अस्पृश्य मानल्या गेलेल्या व कनिष्ठ समजल्या जाणाऱ्या हिंदू जातींमध्ये ६१.६ होते. आजार एकच असला तरी घर, अन्न, पाणी व शुश्रूषा यांतील तफावतीमुळे मृत्यूत असा सातपट फरक पडला. पहिल्या व दुसऱ्या लाटेमधील अवकाश तयारीसाठी वापरला गेला नाही, ही गोष्टही येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने स्वाइन फ्लूची महासाथ घोषित केली आणि ३ ऑगस्ट रोजी पुण्यात देशातील पहिला मृत्यू झाला. त्यानंतर तपासणी केंद्रांसमोर भयभीत लोकांच्या रांगा लागल्या. त्या रांगांत निरोगी लोकच अधिक होते आणि खऱ्या रुग्णाला त्यांतून वाट काढावी लागली. माहितीची टंचाई ही औषधाच्या टंचाईइतकीच घातक ठरते, हे त्या वेळी दिसून आले.

२०२० चे शंभर दिवस

कोविड-१९ च्या बाबतीत तारखांचा क्रम उद्बोधक आहे. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात देशातील पहिला रुग्ण आढळला. ९ मार्च रोजी पुण्यात राज्यातील पहिल्या रुग्णांची नोंद झाली. १३ मार्चपासून राज्यात १८९७ चा अधिनियम लागू करण्यात आला आणि २५ मार्च रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. मे महिन्यात प्रवासाची परवानगी मिळू लागली, तेव्हा चाकरमानी मोठ्या संख्येने कोकणात परतले. केरळातील पहिल्या रुग्णापासून या परतीच्या लोंढ्यापर्यंत सुमारे शंभर दिवसांचा अवधी होता. आडवळणाच्या डोंगराळ तालुक्यांना मिळालेली ही मुदत होती. पुढील महासाथीत ती याहून कमी असण्याचा संभव आहे.

शंभर दिवसांत काय करता येते आणि काय करता येत नाही, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. खाटा वाढविता येतात, औषधे, मुखपट्ट्या व प्राणवायूची नळकांडी खरेदी करता येतात, शाळेच्या इमारतीत अलगीकरण कक्ष उघडता येतो. परंतु प्रशिक्षित परिचारिका शंभर दिवसांत तयार होत नाही. वाडीवरील प्रत्येक घराची अचूक यादी घाईत तयार होत नाही. आणि ज्या आरोग्यसेविकेला गावाने कधी पाहिलेले नाही, तिच्यावर साथीच्या दिवसांत कोणी विश्वास ठेवीत नाही. या गोष्टी साथ नसतानाच तयार असाव्या लागतात. एरवीच्या काळातील सामान्य आरोग्यसेवा हीच महासाथीची खरी पूर्वतयारी होय, असे म्हणण्याचे कारण हे आहे.

यंत्रणेची साखळी

ग्रामीण आरोग्यसेवेची रचना सर्वांना परिचित आहे, तरी तिचे प्रमाण पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल. सपाट प्रदेशात पाच हजार व डोंगरी प्रदेशात तीन हजार लोकवस्तीस एक उपकेंद्र, अनुक्रमे तीस हजार व वीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्यावर तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय असा हा क्रम आहे. सुमारे हजार लोकवस्तीमागे एक आशा स्वयंसेविका असते. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात, तर ग्रामीण रुग्णालये अलिबाग येथील जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. आपत्तीच्या वेळी प्रांताधिकारी व तहसीलदार यांच्याकडे समन्वयाची जबाबदारी असते. याखेरीज नगरपरिषद, पोलीस, एस. टी., महाड औद्योगिक वसाहतीतील कारखाने आणि खासगी डॉक्टर हेही या साखळीचे दुवे होत.

साखळी तुटते ती बहुधा दोन दुव्यांच्या जोडावर. प्राथमिक आरोग्य केंद्राने रुग्ण पाठविला, पण ग्रामीण रुग्णालयात खाट मोकळी आहे किंवा नाही हे आधी विचारले नाही. खासगी डॉक्टरने तापाचे वीस रुग्ण तपासले, पण त्यांची नोंद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत आली नाही. असे प्रसंग साथीत घडतात. म्हणून या सर्वांची तालुका पातळीवर तीन महिन्यांतून एकदा बैठक व्हावी आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव, चेहरा व दूरध्वनी क्रमांक ओळखावा, ही तयारीची अगदी साधी, पण मोलाची पायरी आहे.

नोंदवहीचे सामर्थ्य

साथीची पहिली चाहूल प्रयोगशाळेला लागत नाही. ती गावाला लागते. बीड जिल्ह्यातील मामला गावी ऑगस्ट १९९४ मध्ये उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला, हे गावकऱ्यांच्या ध्यानी आले आणि सप्टेंबरात गाठीच्या तापाचे रुग्ण आढळले. अशी वार्ता वर पोहोचविण्यासाठी २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. उपकेंद्र लक्षणांची, वैद्यकीय अधिकारी संशयित रुग्णांची आणि प्रयोगशाळा निश्चित निदानाची माहिती देते. २०२१ पासून ही माहिती संगणकीय मंचावर भरली जाते. मंच बदलला तरी मूळ आधार तोच आहे : उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने तापाच्या रुग्णाची त्याच दिवशी केलेली नोंद.

आडगावच्या नोंदीचे मोल किती असू शकते, याचे उदाहरण महाड तालुक्यातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने त्या काळी मोठ्या प्रमाणावर मृत्यू होत असत. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम व श्वास यांची तासातासाने नोंद ठेवली. त्या नोंदींतून हृदयावर होणारा परिणाम स्पष्ट झाला, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे संशोधन प्रसिद्ध केले, आणि प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाने विंचूदंशाचे मृत्यू अत्यल्प झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. कोणतेही महागडे उपकरण नसलेल्या केंद्रातील नोंदवहीने जगाच्या वैद्यकशास्त्रात भर घातली. नव्या महासाथीतही रोगाचे स्वरूप प्रथम अशाच नोंदींतून उलगडणार आहे.

खाटा व प्राणवायूचा हिशेब

तयारी अंदाजावर न ठेवता हिशेबावर ठेवावी. पुढील आकडे भाकीत म्हणून घेऊ नयेत. ते पद्धत समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. समजा, पंचेचाळीस हजार वस्तीच्या तालुक्यात बारा आठवड्यांत पाचांपैकी एक माणूस आजारी पडला, तर रुग्णसंख्या नऊ हजार होईल. त्यांपैकी शेकडा पाच जणांना रुग्णालयाची गरज लागली, तर ती संख्या ४५०. यांपैकी पाचवा हिस्सा सर्वांत कठीण आठवड्यात आला आणि प्रत्येक जण सात दिवस राहिला, तर त्या आठवड्यात ९० खाटा लागतील. ग्रामीण रुग्णालयाचे प्रमाण तीस खाटांचे आहे. उरलेल्या साठ खाटा कोठे घालावयाच्या, तेथे पाणी, वीज व शौचालय आहे काय, आणि रात्रपाळीस कोण राहणार, याची उत्तरे आजच कागदावर असली पाहिजेत.

प्राणवायूचाही हिशेब सोपा आहे. मोठ्या नळकांड्यात सुमारे सात हजार लिटर वायू असतो. रुग्णाला मिनिटाला पाच लिटर दिल्यास ते १४०० मिनिटे, म्हणजे सुमारे तेवीस तास पुरते. म्हणजेच एका रुग्णाला रोज एक नळकांडे लागते. नव्वदांपैकी निम्म्या रुग्णांना प्राणवायू लागल्यास रोज पंचेचाळीस नळकांडी भरून आणावी लागतील. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रायगड जिल्ह्यातीलच डोळवी येथील पोलाद कारखान्यातून द्रवरूप प्राणवायू राज्याला पुरविण्यात आला. वायू जिल्ह्यात असला तरी तो घाटरस्त्याने वेळेवर पोहोचणे हा स्वतंत्र प्रश्न आहे. हवेतून प्राणवायू वेगळा करणारी यंत्रे उपयुक्त आहेत, परंतु त्यांना अखंड वीज लागते. म्हणून प्रत्येक यंत्रामागे जनित्र, जनित्रामागे डिझेल आणि डिझेलमागे जबाबदार व्यक्ती अशी नोंद ठेवावी.

एकावर एक येणारी संकटे

या परिसराला महासाथ एकटी भेटत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात पाच मजली इमारत कोसळून सोळा जणांचा मृत्यू झाला. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या महापुराने महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगराचा कडा कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखरसुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट बंद पडला. हे सर्व कोविडची साथ चालू असताना घडले.

पुराच्या वेळी माणसांना एकत्र निवारा द्यावा लागतो, तर साथीच्या वेळी त्यांना एकमेकांपासून दूर ठेवावे लागते. या दोन आज्ञा परस्परविरुद्ध आहेत आणि त्यांचा मेळ ऐन पुरात घालता येत नाही. म्हणून निवाऱ्यासाठी निवडलेल्या प्रत्येक शाळेत ताप असलेल्या व्यक्तींसाठी वेगळी खोली आधीच ठरवावी. अलगीकरण केंद्र व पूरनिवारा यांसाठी एकच इमारत नेमू नये. औषधभांडार पूररेषेच्या वर असावे. चिखलपाण्यात वावरलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्याचा ताप व महासाथीचा ताप प्रारंभी सारखाच भासू शकतो, ही गोष्ट आशा स्वयंसेविकेलाही माहीत असावी. आणि पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, दुर्गम वाड्यांवर तीन महिन्यांची नित्याची औषधे पोहोचलेली असावीत.

गावाचे मन

२०२० च्या मे महिन्यात अनेक गावांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. मुंबईहून येणारा मुलगा आपलाच होता, पण त्याच्यासोबत आजार येईल ही भीतीही खरी होती. कोठे वेशीवर बांबू आडवे बांधले गेले, कोठे शाळेत चौदा दिवस राहण्याची सोय करून डबा पोहोचविला गेला. त्या वर्षीच्या गणेशोत्सवासाठी शासनाने कोकणात येणाऱ्यांकरिता दहा दिवसांच्या विलगीकरणाचा नियम केला. नियम सर्वत्र एकच होता, परंतु त्याचे पालन जेथे गावाने आधी बसून ठरविले होते तेथे सुकर होते. शाळेत राहणाऱ्याला अंथरूण, स्वच्छ शौचालय, जेवण व दिवसातून एकदा विचारपूस मिळाली, तर तो तेथे राहतो. तसे न झाल्यास तो रात्री घरी जातो आणि पहिला संसर्ग त्याच्या वृद्ध आईला होतो.

महाडच्या मातीला सार्वजनिक सोयींवरील समान हक्काचा इतिहास आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले आणि सार्वजनिक पाणवठा सर्वांचा आहे, हे तत्त्व तेथे ठामपणे मांडले गेले. १९१८ च्या मृत्युदरांतील तफावत ज्यांनी वाचली आहे, त्यांना या तत्त्वाचा आरोग्याशी असलेला संबंध वेगळा सांगावयास नको. अलगीकरण कक्षातील खाट, लसीची रांग व रुग्णवाहिकेतील जागा ठरविताना आदिवासी वाडी, बौद्धवाडी, धनगरवाडा व वीटभट्टीवरील स्थलांतरित कुटुंब यादीत सर्वांत शेवटी राहणार नाही, याची खबरदारी सरपंचांनी स्वतः घ्यावी.

तयारीचा क्रम

प्रत्यक्ष कामाचे चार टप्पे पाडता येतील.

पहिला टप्पा साथ नसतानाचा. दरवर्षी मे महिन्यात शिक्षक, अंगणवाडी सेविका व आशा स्वयंसेविका यांनी मिळून वाडीवार घरयादी अद्ययावत करावी. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, क्षय, मधुमेह व मूत्रपिंडाचे रुग्ण, आणि मुंबईतील नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक यांची तीत नोंद असावी. डोली करून रुग्णाला रस्त्यापर्यंत आणणाऱ्या तरुणांची नावेही याच यादीत लिहावीत. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध झाली, परंतु गाडी रस्त्यावर येते. वाडीपासून रस्त्यापर्यंतचे अंतर गावालाच कापावे लागते.

दुसरा टप्पा इशाऱ्याचा, म्हणजे देशात पहिला रुग्ण आढळल्यानंतरचा. या काळात साठा मोजावा, अलगीकरणाच्या जागा स्वच्छ कराव्यात, कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने वापरण्याचा सराव द्यावा आणि कर्मचारीच आजारी पडल्यास त्यांच्या जागी कोण, हे लेखी ठरवावे. ग्रामसभेत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतः माहिती द्यावी. ज्ञात काय आणि अज्ञात काय, हे दोन्ही त्यांनी प्रामाणिकपणे सांगावे.

तिसरा टप्पा तालुक्यात रुग्ण आल्यानंतरचा. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघर जाऊन ताप व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजण्यात आले. अशी पाहणी पहिल्याच आठवड्यात सुरू व्हावी. साथीमुळे प्रसूती, लसीकरण, क्षयरोगाचे औषध व सर्पदंशावरील उपचार थांबता कामा नयेत, कारण दुर्लक्षित राहिलेले हे मृत्यू साथीच्या आकड्यांत कोठेच दिसत नाहीत.

चौथा टप्पा लाट ओसरल्यानंतरचा. १९१८ मध्ये दोन लाटांमधील अवकाश वाया गेला. म्हणून लाट ओसरताच महिनाभरात काय कमी पडले याची लेखी नोंद व्हावी व ती पुढील अधिकाऱ्याच्या हाती पडावी. अधिकारी बदलतात, दप्तर राहते.

उपसंहार

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथविषयक करार स्वीकारला. राष्ट्रांनी एकमेकांना वेळीच माहिती द्यावी व लस-औषधे न्याय्यपणे वाटून घ्यावीत, असा त्याचा आशय आहे. हेच तत्त्व तालुक्यासही लागू पडते. ग्रामपंचायतीच्या अकराव्या अनुसूचीतील विषयांत आरोग्य व स्वच्छता यांचा समावेश आहे. हा विषय केवळ आरोग्य विभागाचा आहे असे समजून पंचायतीने स्वस्थ बसू नये.

पुढील महासाथ केव्हा येईल, हे कोणीही सांगू शकत नाही. ती आली तर मुंबईहून सावित्रीच्या खोऱ्याकडे येण्याची तिची वाट मात्र परिचित आहे. त्या वाटेच्या शेवटी डोंगरातल्या एखाद्या वाडीत एकटी राहणारी वृद्ध स्त्री असेल. तिचे नाव घरयादीत आहे काय, तिच्या दाराशी महिन्यातून एकदा कोणी जाते काय, आणि तिला ताप आल्यास खाली रस्त्यापर्यंत कोण आणणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतील, तर आपली तयारी योग्य मार्गाने चालली आहे असे समजावे. ती नसतील, तर या महिन्याच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा.